कपाटातल्या दोन पिशव्या

घाटाखालच्या एका गावात मुकुंदशेठ नावाचे तेलगिरणीचे मालक राहत. माणूस कष्टाळू, पण महासंशयी. देवळातला प्रसादसुद्धा हुंगून खाणारा.

शेठच्या पित्ताशयात खडे झाले. गावच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. लागलंच तर हाताशी असावं म्हणून गिरणीतल्या दोन कामगारांनी घाटावरच्या रक्तपेढीत रक्त दिलं आणि त्याच्या बदल्यात शेठच्या रक्तगटाच्या दोन पिशव्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये आल्या. त्याच दवाखान्यात शेठची एकुलती लेक शालन पहिल्या बाळंतपणाला दाखल होती. बापलेकीचा रक्तगट एकच.

“पिशव्या माझ्या खोलीत ठेवा,” शेठ म्हणाले. “कुंपणच शेत खातं, बाई.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रक्त थंडच राहायला हवं, शेठ. फ्रीजबाहेर राहिलं तर ते कुणालाच चढवता येत नाही. आणि तुम्हाला बहुतेक लागणारही नाही.”

शेठच्या डोक्यात एवढंच बसलं, की मला लागणार नाही म्हणजे दुसऱ्याला देणार. त्यांनी मेहुण्याला खूण केली. सकाळी बाई ऑपरेशनच्या खोलीत गेल्या, तसं मेहुण्याने फ्रीजमधून पिशव्या काढल्या, शेठच्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. शेठचा शब्द मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

ऑपरेशन छान झालं. रक्ताचा थेंबही लागला नाही.

दुपारी शालनला मुलगा झाला आणि पाठोपाठ तिचं रक्त जाऊ लागलं. काही केल्या थांबेना. सिस्टर फ्रीजकडे धावली. फ्रीज रिकामा. मेहुणा तोंड झाकून रडायलाच लागला आणि त्याने किल्ली पुढे केली.

“घ्या, दोन्ही घ्या,” शेठ खाटेवरून म्हणाले.

बाईंनी पिशवी हातात घेतली. ती कोमट होती. “पाच तास झाले, शेठ. आता हे चढवलं तर विष होईल.”

रक्तपेढी दोन तासांवर होती. रक्त आणायला गेलेली गाडी घाट उतरून परत आली, तेव्हा शालनच्या अंगावर पांढरी चादर ओढलेली होती.

शेठनी उघड्या कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, “बाई, ते रक्त माझंच होतं ना?”

“तुमचंच होतं,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर तिला मिळालं नाही.”

शेठची जखम आठ दिवसांत भरली. टाके काढून ते नातवाला घेऊन घरी गेले.

तात्पर्य: जीव वाचवणारी वस्तू संशयाने कुलपात घातली की ती आपलीही राहत नाही आणि आपल्या माणसाचीही, आणि नासल्यावर केलेलं दान कुणाला जगवत नाही.