खिडकीची छिन्नी

कुठल्या राजाच्या काळात घडलं ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पण फार फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसा, आणि मध्येच कुणी उठू नका.

एका कोरड्या मुलखात डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. खालच्या सात गावांना पाणी तेवढंच. तळ्याच्या तोंडाशी दगडी मोरी, आणि मोरीवर लाकडाचं जाडजूड गोल दार. दार आणि दगड यांच्यामध्ये म्हशीच्या चामड्याचं एक रुंद कडं बसवलेलं असे. दगडात ठोकलेल्या एकशेवीस पितळी खुंट्या त्या कड्यातून आणि दारातून आरपार जात. कडं घट्ट बसलं की थेंबभर पाणी गळत नसे. ते कुजलं की संपलंच सगळं.

आणि त्या साली ते कुजलं. दाराच्या कडेने रात्रंदिवस पाणी गळू लागलं. पावसाळा अजून चार महिने लांब होता.

तळ्याच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला. मोरीच्या तोंडापुढे मातीचा बांध घालायचा, दार काढायचं, नवं कडं बसवायचं. पण असा कच्चा बांध सूर्योदयापासून फार तर सूर्यास्तापर्यंत टिकणार. तोवर दार बसलं नाही, तर बांध फुटणार आणि सात गावांचं पाणी एका संध्याकाळी नाल्याला लागणार. एवढ्या वेळात एका माणसाच्या हातून काम होणार नव्हतं. म्हणून त्याने कड्याचे दोन अर्धे केले आणि दोन कारागीर बोलावले.

एक होता मानाजी. दरबाराची खोगिरं करायचा. हात सफाईदार, यात शंकाच नाही, पण नाक जरा वरच असायचं. दुसरी हौसा. चाळिशीची बाई, पाण्याच्या पखाली शिवणारी. नवरा गेल्यावर तिने त्याची चामडं कापायची रापी हातात घेतली आणि त्याच्याहून चांगल्या पखाली शिवल्या. हे मी म्हणत नाही, पाणके म्हणायचे.

पण या दोघांच्यात एक जुनं कुसळ होतं. दोन वर्षांपूर्वी असंच तळ्याचं काम निघालं, तेव्हा भर चावडीत मानाजी म्हणाला होता, "पखाली शिवणारे हात तळ्याच्या दाराला कशाला हवेत?" लोक हसले. हौसा खाली मान घालून घरी गेली. त्यानंतर दोन वर्षं तिला तळ्यावर कुणी बोलावलं नाही. ती कुणाला काही बोलली नाही. पण विसरली? छे! जेवताना आठवायचं, शिवताना आठवायचं, केस विंचरताना आठवायचं.

या वेळी बोलावणं आलं तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की आपल्या साठ भोकांतलं एकही कुणाला नाव ठेवता येईल असं पडू द्यायचं नाही. ती तडक रावजी लोहाराकडे गेली.

"रावजीकाका, भोकं पाडायची पोकळ छिन्नी हवी. चांगली."

म्हातारा हसला. "आरीने टोच की, पोरी. पखालीला टोचतेस तशी."

"थट्टा नको, काका. आरी चामडं नुसतं बाजूला सारते. ताण आला की ते भोक फाटत जातं. पोकळ छिन्नी चामड्याची गोल टिकलीच काढून घेते. तसं भोक फाटत नाही. मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर मग घे निवडून," असं म्हणत रावजीने भिंतीकडे बोट केलं. तिथे पंधरा-वीस छिन्न्या टांगल्या होत्या.

हौसाने घाई केली नाही. एकेक खाली काढली. नळीच्या धारेवर अंगठा फिरवला आणि जिथे खरबरीत लागलं ती परत टांगली. कारभाऱ्याकडची एक जादा खुंटी ती मागून घेऊन आली होती, ती प्रत्येक नळीत घालून पाहिली. खुंटी जिच्यात आवळून बसली तीही नको, कारण चामडं पाण्यात फुगतं, भोकाला किंचित जागा लागतेच. मग लाकडाच्या ओंडक्यावर चामड्याचा तुकडा ठेवून तिने उरलेल्या छिन्न्या ठोकून पाहिल्या. एकीने काठ चुरगळला. दुसरीने काठ चुरगळला नाही, पण आत गेलेली टिकली निघेना.

शेवटी तिच्या हातात एक काळी, बुटकी छिन्नी आली. दिसायला काही नाही. पण नळीच्या अंगाला बोटभर उंचीवर एक चौकोनी खिडकी होती. हौसाने पाच वेळा ठोकलं, खिडकीत काडी घातली, आणि पाच टिकल्या टपाटपा खाली पडल्या.

"ही," ती म्हणाली.

"बघ हं. शोभा नाही तिला."

"मला काय ती गळ्यात घालायची आहे?"

एवढ्यात मानाजी आला. त्याने आधीच सांगून करवून घेतलेली छिन्नी रावजीने कापडातून काढली. अहाहा! चकचकीत, अंगभर कोरीव काम, मध्ये सोंड वर केलेला हत्ती. पण मानाजीचा चेहरा पडला.

"हे काय, रावजी? हत्तीच्या पोटात खिडकी?"

"मालक, टिकल्या बाहेर यायला वाट नको का?"

"वाट? अरे, लोक काय म्हणतील? बुजवून टाक ती."

"पण मालक..."

"बुजव म्हणतो ना!"

रावजीने हौसाकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि खिडकी बुजवून दिली. गिऱ्हाइकापुढे शहाणपण कोण चालवणार?

ठरल्या दिवशी उजाडताच बांध घातला, दार काढलं. खुंट्या कुणा पूर्वजाने हाताने ठोकलेल्या, एकीचं अंतर दुसरीला नाही. म्हणून जुनं कडं पसरून त्यावरूनच नव्यावर खुणा कराव्या लागल्या. त्यात दुपार झाली. मग दोघं आपापला ओंडका घेऊन बसले. सात गावांची माणसं काठावर उभी राहिली.

मानाजी सुटलाच. ठक, ठक, ठक! तो पंचवीस भोकांवर पोहोचला तेव्हा हौसाची चौदा झाली होती. ती दर पाच भोकांनी थांबायची, काडीने टिकल्या ढकलायची, धार पुसायची, मग पुढे.

"हौसाबाई, उरका की!" कारभारी ओरडला.

"उरकतेच आहे, कारभारी," ती म्हणाली आणि पुन्हा काडी हातात घेतली.

पस्तिसाव्या भोकापासून मानाजीचा ठोका बदलला. नळी टिकल्यांनी ठासून भरली होती. आतल्या टिकल्या एकमेकींत दगडासारख्या घट्ट बसल्या होत्या, नवीला आत शिरायला जागाच नव्हती. मानाजीला वाटलं, जोर कमी पडतोय. तो जास्त जोराने हाणू लागला. चामडं कापलं जाईना, नुसतं ताणलं जाऊ लागलं. एकेका भोकाला आता आठ-दहा भोकांचा वेळ जाऊ लागला. चाळिसाव्या भोकाला त्याने हातोडा डोक्यावरून आणला, आणि दोन आवाज एकदम झाले. चामडं भोकापासून पार काठापर्यंत फाटलं, आणि छिन्नी जिथे बुजवली होती तिथेच उकलली. हत्तीचं पोट फुटलं म्हणा ना!

अर्ध्या कड्यापुरतं दुसरं चामडं नव्हतं. रावजीचं दुकान अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. सूर्य कलला होता आणि बांधाच्या बुडातून ओल फुटायला लागली होती.

हौसाचं साठावं भोक नुकतंच झालं होतं. एकूण एक भोक गोल, नीट. तळ्यावर त्या घटकेला कामाची छिन्नी एकच होती आणि ती तिच्या हातात होती.

कारभारी तिच्याकडे पाहत होता. मानाजी मात्र खाली पाहत होता.

आता खरं सांगू का? हौसाला आधी आनंद झाला. हो, झाला! ती काही देवी नव्हती. 'बस आता,' तिला वाटलं, 'बस तुझा हत्ती मांडीवर घेऊन. येऊ दे माझ्या पाया पडायला.' आणि ती तशीच बसून राहिली. सवयीने तिने छिन्नी उलटी केली, काडी घातली. पाच टिकल्या तिच्या पदरात पडल्या. नळी रिकामी झाली, खिडकीतून तिच्यात उजेड शिरला.

ती त्या नळीकडे बघतच राहिली. दोन वर्षं ते एक वाक्य आपल्या आत ठासून बसलंय, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि ते असंच राहिलं तर आत्ता या हातांनी काही नीट होणार नाही, हेही कळलं. तिला रडू आलं, रागाचं रडू. डोळे पुसून ती उठली आणि थेट मानाजीसमोर जाऊन उभी राहिली.

"मानाजीराव, भर चावडीत तुम्ही माझ्या हातांना नावं ठेवलीत. मला ते फार लागलं. दोन वर्षं मी ते पोटात घेऊन फिरते आहे. आज तुमच्या तोंडावर सांगून टाकलं. झालं. आता सरका, मला बसू द्या."

मानाजी हळूच म्हणाला, "चुकलो मी, बाई. त्या दिवशीही चुकलो आणि त्या खिडकीपायीही चुकलो."

"ते मग बघू. हातोडा धरा. मी छिन्नी धरते. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

मानाजीने निमूट हातोडा धरला. वीस भोकं राहिली होती. दर पाचाला हौसा "थांबा" म्हणायची आणि तो थांबायचा. नळी मोकळी झाली की पुन्हा ठोका पडायचा.

उरलं ते फाटलेलं भोक. तिथे खोगीरवाल्याची विद्या चालेना. पण गळकी पखाल कशी सांधायची, हे हौसाला कुणी शिकवायला नको होतं. तिने उरलेल्या पट्टीतून ठिगळ कापलं, रापीने त्याचे काठ कागदाइतके पातळ केले, मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवलं आणि त्यावर नवं भोक पाडलं. मानाजी ओणवा होऊन बघत होता. असले टाके त्याने जन्मात घातले नव्हते.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा कडं खुंट्यांवर चढलं, एकही खुंटी अडली नाही. दार बसलं, पाचरी ठोकल्या, आणि माणसं वर चढून येतात न येतात तोच बांध खचला. सगळं तळं धाडकन दारावर येऊन आदळलं.

ठिगळाच्या जागी पाण्याची एक बारीक धार उडाली. लोक काठाशी धावले. हौसा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"थांबा जरा. चामडं पाणी पितंय," ती म्हणाली.

धार दोऱ्याएवढी झाली. मग थेंब थेंब. मग तेही थांबलं. सात गावांच्या बायाबापड्यांनी असा कल्ला केला की डोंगरावरची पाखरं उडाली.

दुसऱ्या दिवशी मानाजीने भर चावडीत, त्याच जागी उभं राहून सांगितलं, "काल तळं पखाली शिवणाऱ्या हातांनी राखलं." मग तो उकललेली छिन्नी घेऊन रावजीकडे गेला.

"रावजी, हिला खिडकी कर."

"करतो की. पण मालक, हत्तीच्या पोटात?" म्हातारा मिशीत हसत म्हणाला.

"पोटातच कर. आणि चांगली मोठी कर!"

त्यानंतर तळ्याच्या कामाला दरवेळी दोघांनाही बोलावणं जाऊ लागलं. हौसाच्या छिन्नीची धार पुढे कैक वर्षं टिकली.

तात्पर्य एवढंच: आत साचलेलं जो वेळीच मोकळं करतो, त्याचीच धार शेवटपर्यंत टिकते.