साचा फुटला तेव्हा

एकदा एक छायाचित्रकार होता आणि त्याचे दुःख मोठे चमत्कारिक होते. त्याची छायाचित्रे पाहून लोक तोंड भरून स्तुती करत, पण ती दुसऱ्याची. "वा, काय मूर्ती आहे!" असे म्हणून ते पुढे सरकत. खाली तिळाएवढ्या अक्षरांत 'निरंजन' असे छापलेले असे, ते वाचायला कोणाला सवड नसे.

त्यातून मूर्ती असत शर्वरीच्या. दोघे कलाशाळेत एकाच वर्गात होते. याच्या मातीला तडे जात आणि तिच्या मातीत जीव उतरे, म्हणून याने माती सोडून कॅमेरा धरला. पुढे तिचे नाव झाले, आणि तिच्या कामाची छायाचित्रे काढायला लोक यालाच बोलावू लागले, कारण आपल्या कामात तो खरोखर उत्तम होता. तो हसत जाई आणि घरी येऊन जळफळे.

त्याचे गुरू एक वृद्ध माहितीपटकार होते. गायक, चित्रकार, नर्तक यांच्यासोबत काम करण्यात त्यांची हयात गेली होती. सारे त्यांना आप्पा म्हणत. एके दिवशी ते म्हणाले, "शर्वरी नवी मूर्ती ओतते आहे. तिच्यावर माहितीपट कर. या खेपेला सगळं तुझ्यावर. जमलं, तर माझ्यानंतर ही माहितीपटांची संस्था तू चालव."

मूर्ती कांस्याची होती. आधी ती मेणाची घडवतात, तिला मातीचा लेप देतात, भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत तापलेला धातू ओततात. निवल्यावर साचा फोडायचा. तो एकदाच फुटतो, आणि आत काय निघेल हे तोवर घडवणाऱ्यालाही ठाऊक नसते. निरंजनने भट्टी टिपली, ज्वाळा टिपल्या, शर्वरीच्या आधीच्या फसलेल्या मूर्तींचे तुकडेही मोठ्या प्रेमाने टिपले. साचा फोडायच्या दिवशी ती हातोडी घेऊन थांबली होती.

"निरू, उजेड पुरतोय का रे? वरची झडप उघडू?" असे म्हणत ती स्वतःच शिडी चढली, झडप उघडून खाली आली आणि मग तिने घाव घातला.

माहितीपट तयार झाला. आप्पांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि शेवटची नामावली स्वतः लिहून दिली. पडद्यावर अक्षरे उमटली: 'शिल्पकार: निरंजन. छायाचित्रण: शर्वरी.'

खोटे कशाला सांगा, पहिली ओळ वाचून निरंजनला क्षणभर गुदगुल्या झाल्या. मग वाटले, म्हाताऱ्याची नजर गेली.

"आप्पा, नावांची अदलाबदल झाली आहे."

"मुळीच नाही. साचा फुटला तेव्हा पडद्यावर काय दिसतं, सांग बरं."

"धूळ. झडपेतून आलेल्या उन्हात तरंगणारी."

"सुरेख आहे. आणि मूर्ती?"

 निरंजनला आठवले. मूर्ती अखंड निघाली होती. भट्टीवरचे सगळे आनंदाने ओरडले होते, शर्वरी मटकन खाली बसून रडली होती, आणि नेमक्या त्याच वेळी याच्या हाताने कॅमेरा वर उन्हाकडे वळवला होता. ऊन जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

आप्पा म्हणाले, "त्या उन्हासाठी शिडी चढली ती, तुझ्याच पटात दिसतंय. तेव्हा छायाचित्रणाचं श्रेय तिचं. तिची मूर्ती झाकून तिथं तू आपली धूळ उभी केलीस, तेव्हा शिल्पकार तू. तिची हार तू सगळी टिपलीस रे, जिंकली तेवढीच राहिली. मत्सर कोणाला सुटला आहे? बसेना का तो शेजारी! पण कॅमेरा त्याच्या हाती देऊ नये. आता जा आणि हे तिला दाखव. संस्थेचं मग पाहू."

शर्वरीने माहितीपट शेवटपर्यंत, त्या उलट्या नामावलीसकट पाहिला. म्हणाली, "छान झालाय. पण मी रडले, ते कुठं आहे?"

"ते मी घेतलं नाही. मला बघवलं नाही, शर्वरी."

तिने उठून पडदा बंद केला. रागावली असावी. एवढेच म्हणाली, "ते परत नाही येणार, निरू. नवी मूर्ती ओतेन तेव्हा ये."

तो गेला. साचा फुटला, मूर्ती निघाली, ती आधीच्या मूर्तीहून सरस होती. निरंजनच्या पोटात तसेच दुखले, अगदी पूर्वीइतकेच. पण तिचे हसू ओसरेपर्यंत कॅमेरा हलला नाही.

हाती कॅमेरा न धरणाऱ्या आपणही, मित्राविषयी चारचौघांत चांगले बोलताना नेमके कुठे थांबतो, एवढे एकदा पाहावे.