झिपरूने मेहनत वाचवली

एका गावात झिपरू नावाचा भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम शब्दाला शब्द करायचा, आणि तिथंच घोडं पेंड खायचं.

त्याचे मामा सुपडूशेठ यांचं मंगल कार्यालय होतं. मामांची कुंदा झिपरूला फार आवडायची. मामा म्हणाले, "नलूताईंच्या हाताखाली शीक. माझं कार्यालय गिऱ्हाइकांना चष्म्यात दाखव. जमलं, तर कुंदा तुझी."

नलूताई संगणकावर असे देखावे करायच्या. चष्मा डोळ्यांवर चढवला की माणूस बसल्या जागी कार्यालयभर हिंडायचा. मान वळवेल तिकडे ऊन-सावली अगदी खरीखुरी.

पहिल्या दिवशी झिपरूने देखाव्यात खुर्च्या मांडल्या. सगळ्या तरंगायला लागल्या.

"अरे, सावली कुठाय?" ताई म्हणाल्या. "सावलीवाचून वस्तू तरंगल्यासारखी दिसते. दिसेल त्याला सावली द्यायची."

"बरं ताई."

दुसऱ्या दिवशी त्याने अंगणात ऊन आणलं. सूर्य दिसत होता, म्हणून सूर्यालाही सावली दिली. मामांनी चष्मा लावला आणि ग्रहण लागलं म्हणून आंघोळीला निघाले.

"शहाण्या, जो उजेड देतो त्याला सावली नसते!"

"चुकलं ताई."

तिसऱ्या दिवशी वरात काढली. डोक्यावर बत्ती घेतलेला माणूस उजेड देत होता, म्हणून त्याची सावली काढून टाकली. बत्तीवाला घोड्यावरच्या नवरदेवाच्याही वरून तरंगत गेला.

चौथ्या दिवशी झिपरूने काहीच सोडलं नाही. झाकलेल्या पातेल्यातल्या भाताच्या शिताशिताला सावली दिली. यंत्र तापलं, देखावा अडखळला, मामांना भोवळ आली.

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "झाकलेलं कुणाला दिसतंय रे? जे आड असेल ते उभंच करायचं नाही. आडोसा सरला, की मग उभं करायचं. मेहनत वाचते."

"बरं ताई."

आणि काय सांगावं, या वेळी जमलं! देखावा झरझर फिरू लागला. मामा खूश. कुंदा लाजली. मुहूर्त ठरला.

लग्नाला गाव लोटलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. पाटावर उभा झिपरू विचारात पडला. कुंदाला आपण दिसत नाही. म्हणजे आपण आड. मग उभं राहायचं कशाला?

तो पाटावरून उतरून चालू लागला. पाहुण्यांना वाटलं, घाईची लागली असेल. कुणी अडवलं नाही.

"शुभमंगल सावधान!" वाजंत्री कडाडली, अंतरपाट दूर झाला. कुंदा हार घेऊन उभी, आणि समोर रिकामा पाट. बिचारीचे डोळे भरून आले.

मामा धावत भोजनगृहात शिरले. झिपरू मुंडावळ्या कानामागे सारून एकटाच जिलबी खात बसला होता.

"अरे गाढवा, मुहूर्त टळतोय! तिकडे अंतरपाट सरला, वाजंत्री ऐकू नाही आली?"

"आली की मामा," झिपरू म्हणाला, "पण मधे भिंत आहे. म्हटलं, तिकडे लग्न अजून उभंच केलं नसेल."