विझवणीचं वळण आणि अंतू मिस्त्री

फार वर्षांपूर्वी, करवंदवाडीच्या घाटात डांबर पडायच्याही आधी, साऱ्या पंचक्रोशीत एकच फटफटी होती. ती दवाखान्याची. तिच्यावरून धाकू कंपाउंडर घाटापलीकडच्या शहरातून औषधं आणायचा. आणि ती बिघडली की पारापाशी छपरात बसणारा अंतू मिस्त्री तिच्याकडे बघायचा.

घाटमाथ्याजवळ एक अवघड वळण होतं. तिथं फटफटीचा दिवा लाल व्हायचा आणि विझायचा. नेमका तिथंच. वळणावरची बाई उजेड पिते, असं म्हणत. लोकांनी त्याला विझवणीचं वळण नाव दिलं, तिथं नारळ फोडले, कोंबडं सोडलं. धाकूही काही कमी नव्हता. त्यानं हँडलला लिंबू-मिरची बांधली, दोनदा नवी बॅटरी बसवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

अंतू मिस्त्री तेवढा हसायचा. "बॅटरी काय करील, धाकू? तिला भरवतंय कोण ते बघ. दिवा लावून बॅटरीच्या काट्यावर नजर ठेव. काटा डावीकडं पडला की समजायचं, गाडी नुसती खातेय, पोटात काय पडत नाय."

पण गावातल्या सरळ रस्त्यावर काटा नीट उजवीकडे असायचा. मिस्त्रीलाही दोष सापडेना. "एक दिवस गाडी माझ्याकडं टाक, सगळ्या तारा उकलतो," असं तो म्हणायचा. धाकूला वेळ कधी मिळालाच नाही. मग श्रावणात मिस्त्री तापानं अंथरुणाला खिळला.

त्याच श्रावणात एका दुपारी धाकूच्या मुलीला, बकुळाला, फुरसं चावलं. दवाखान्यातली सापाच्या विषावरची लस संपली होती. डॉक्टर म्हणाले, "अंधार पडायच्या आत लस आली तर पोर वाचेल." धाकूनं फटफटीला लाथ मारली आणि तो सुटला.

लस मिळाली. परतताना मात्र घाटात धुकं उतरलं, असं धुकं की स्वतःचा हात दिसू नये. दिवा लावून धाकू चढत होता. विझवणीच्या वळणावर दिवा लाल झाला, विझला, आणि इंजिनही बंद पडलं. एका बाजूला दरी. धाकूनं लाथा मारमारून पाय सोलून घेतला. शेवटी लसीचा डबा छातीशी धरून तो रडू लागला.

"हँडल डावीकडं वळव बघू," धुक्यातून आवाज आला.

अंतू मिस्त्री फटफटीशेजारी उकिडवा बसला होता. "अंतूकाका, तुम्ही एवढ्या तापात वर कसे आलात?" धाकूनं विचारलं.  मिस्त्रीनं हँडलखाली गाडीच्या मानेत बोट घातलं.

"हितं तार आतल्या आत तुटलीय. वरनं साजरी दिसते. हँडल सरळ असलं की टोकं टेकतात, वळलं की सुटतात. घाटभर वळणंच वळणं. मग तुझी बॅटरी इथवर येऊन उपाशी मरते. बाई नाय नि बुवा नाय. मी चिमटीत धरतो, तू उताराला लोट."

धाकूनं गाडी माथ्यापर्यंत ढकलत नेली आणि गावाकडच्या उताराला लोटली. अर्ध्या उतारावर इंजिन धडधडलं, काटा उजवीकडे सरकला, दिवा उजळला. मिस्त्री मागे बसला होता, पण कुणी बसलं की गाडी दबते, तशी ती दबली नव्हती. धाकूच्या काखेखालून एक गार हात पुढे आला होता आणि त्यानं हँडलखालची तार धरून ठेवली होती. मागच्या माणसाचा हात एवढ्या लांब पोचतो कसा, हे धाकूला तेव्हा सुचलंच नाही. त्याला फक्त बकुळा दिसत होती.

अंधार पडायच्या आत लस टोचली गेली आणि पोर वाचली. धाकू मिस्त्रीचे पाय धरायला बाहेर धावला, तर गाडीवर कुणीच नव्हतं. पारापाशी माणसं जमली होती. मिस्त्री दुपारीच गेला होता. बायका हळू आवाजात एकच गोष्ट बोलत होत्या. आंघोळ घालताना त्याच्या कमरेचा करदोटा कुठं सापडला नाही. जन्मभर कमरेला असलेला करदोटा.

दुसऱ्या दिवशी धाकूनं गाडीची मान उघडली. तुटलेल्या तारेची दोन्ही टोकं एकमेकांत पिळलेली होती आणि वरून काळ्या करदोट्यानं आवळून बांधली होती.  ती गाठ धाकूनं कधी सोडली नाही, असं म्हणतात.

आता घाटात डांबर आहे आणि घरटी गाड्या आहेत. तरी करवंदवाडीत नवी गाडी आली की आधी तिच्या मानेला काळा करदोटा बांधतात, हँडल डावी-उजवीकडे वळवतात आणि मगच घाटाला लावतात. आणि धुक्याच्या दिवसांत एकटा निघालेला माणूस मागच्या सीटवर काही बांधत नाही. पोतं असो, पिशवी असो, पुढ्यात घेतो. मागची जागा मोकळी ठेवतो.