विश्वंभरपंतांचे डावे पेडल

विश्वंभर नारायण टिपरे, वय वर्षे सदुसष्ट: अशी अक्षरे आपल्या सायकलीच्या आडव्या नळीवर पांढऱ्या रंगाने स्वहस्ते लिहून ठेवणारे आणि दर वाढदिवसाला त्यातील आकडा खोडून नवा घालणारे एक सद्गृहस्थ, नकाशात न सापडणाऱ्या एका डोंगराच्या पायथ्याशी राहत असत.

गावाच्या मध्यभागी घड्याळाचा मनोरा होता. त्या घड्याळाला चावी देण्याचे काम विश्वंभरपंतांनी अडतीस वर्षे केले. चावी उजवीकडे फिरवावी आणि गावाचा दिवस पुढे सरकावा, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिले होते की, त्यातून त्यांनी एक सिद्धांतच काढला होता. घड्याळाचे काटे उजवीकडे जातात, देवळातली प्रदक्षिणा उजवीकडून होते, जात्याचा खुंटाही उजवीकडेच फिरतो. तेव्हा या जगात जे जे उजवीकडे फिरवावे ते ते घट्ट होते, आणि डावीकडे फिरवावे ते बिघडते. या सिद्धांताला अपवाद असल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते, तरी त्यांनी ते ऐकले नसते.

दर मार्गशीर्षात त्या गावी शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची सायकल शर्यत होई. शर्यत हौशी लोकांची होती. शिंपी, कुंभार, हलवाई, शाळेतल्या बाई, सगळे आपापली रोजचीच सायकल धुऊनपुसून आणीत. शनिवारी तळ्याला वळसा, रविवारी डोंगरावरच्या देवळापर्यंत चढ. आणि मनोऱ्यावर बाराचे ठोके पडून संपायच्या आत पोहोचेल त्याची शर्यत पुरी झाली, असा नियम होता. दुसरा नियम अधिक कठोर होता. लागोपाठ चार वर्षे ज्याची एकाही दिवसाची शर्यत पुरी होणार नाही, त्याने पुढे सायकल घरी ठेवावी, गुलाबी फेटा बांधावा आणि देवळापाशी सरबताच्या तंबूत बसावे. तंबूतल्या मंडळींचा गावात मान होता. परंतु तो मान विश्वंभरपंतांना नको होता.

त्यांची तीन वर्षे वाया गेली होती. तिन्ही वर्षी दोन्ही दिवशी सायकलीचे डावे पेडल भर रस्त्यात निखळून पडले. पहिल्या वर्षी मांजर आडवे गेले होते. दुसऱ्या वर्षी हलवायाने एकच शिंक दिली. तिसऱ्या वर्षी तर त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांनीच, पंत उंबरठा ओलांडत असता, "कुठे निघालात?" असे विचारून टाकले. निघत्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे शेंबड्या पोरालाही कळते, असे पंत त्यांना पुढे आठ महिने ऐकवीत होते. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी सकाळी द्वारकाबाई तोंडात बत्तासा धरून बसत.

खरी गोष्ट निराळीच होती. शर्यतीच्या दिवशी पहाटे पंत सायकलीला हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, आणि मग पाना घेऊन प्रत्येक नट उजवीकडे आवळीत. बाकीचे नट जागचे हलत नसत. डावे पेडल मात्र थोडा जोर लावताच चांगले चार वेढे घेई. "पाहा, हेच किती सैल राहिले होते," असे म्हणून पंत समाधानाने पाना पुसून ठेवीत.

चौथ्या वर्षीच्या शनिवारी तळ्याच्या अर्ध्या वळशावर पेडल पडले. आदल्या दिवशी शिंप्याने सायकल चकचकीत दिसते असे म्हटले होते. त्याचीच दृष्ट लागली, असे पंतांनी तत्काळ ठरविले. तेच पेडल पुढे शिंप्यानेच चिखलातून शोधून, धोतराच्या सोग्याला पुसून त्यांना आणून दिले. पण दृष्ट लावणाऱ्याचे आभार मानावेत की नाहीत, हे न ठरल्यामुळे पंत पेडल घेऊन तसेच चालू लागले.

गावात सायकल दुरुस्तीचे दुकान कोंडाबाई शेलार चालवीत. नवऱ्याच्या मागे त्यांनी ते हाती घेतले होते. तीन वर्षे पंतांचे पेडल त्याच बसवून देत. पंत मात्र सायकल दुकानात टाकून जेवायला जात, त्यामुळे ते कसे बसते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. या खेपेला कोंडाबाईंनी त्यांना थांबवून घेतले.

"पंत, डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. ते डावीकडं फिरवून आवळायचं. उजवीकडं फिरवलं की सुटतं."

"कोंडाबाई," पंत म्हणाले, "अडतीस वर्षे या गावाचा वेळ मी उजवीकडे फिरवून चालविला आहे."

"चालवलात की. पण घड्याळावर बसून डोंगर नाही चढलात."

दुकानातली माणसे हसली. पंतांचे कान लाल झाले. कोंडाबाईंनी पेडल घट्ट आवळले, परत पाना लावू नका म्हणून दोनदा बजावले, आणि पंत मान फिरवून उभे राहिले.

रविवारी पहाटे नारळ फुटला. सर्व नट आवळून झाले. डाव्या पेडलापाशी पंत क्षणभर थबकले. बाईंचे बोलणे आठवले. पण पाठोपाठ दुकानातले हसणेही आठवले. त्यांनी पाना लावला आणि उजवीकडे जोर केला. पेडल हलेना. "उलटे फिरवून पार अडकवून ठेवले, आणि जगाला शिकवायला निघाल्या," असे पुटपुटत त्यांनी पान्यावर पायच दिला. तेव्हा कुठे ते करकरले, आणि मग पंतांनी शुभ म्हणून पाच वेढे दिले. द्वारकाबाईंनी बत्तासा तोंडात धरला.

त्या दिवशी मांजर आडवे गेले नाही. कोणी शिंकले नाही. शिंप्याने तर सायकलीकडे न पाहता, वाटेतल्या पिंपळाकडे पाहत पंतांना नमस्कार केला. आणि डोंगराच्या तिसऱ्या वळणावर, देवळाचा कळस व त्याखालचा सरबताचा तंबू समोर दिसत असताना, डावे पेडल खळकन खाली पडले.

पंत रस्त्यातच बसले. दोष कोणाला द्यावा याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. पण त्या दिवशी कोणी सापडेना.

सर्वांच्या मागून हत्यारांची पिशवी लटकावून कोंडाबाई येत असत. त्या सायकलीवरून उतरल्या, पडलेले पेडल पाहिले, आणि पाना पंतांच्या हातात दिला.

"तुम्ही बसवा," पंत हळूच म्हणाले.

"मी हात लावणार नाही. काल मी आवळलं, आज तुम्ही सोडवलंत. आता तुमचे हात आणि तुमचं पेडल."

पंतांनी पेडल भोकाला लावून उजवीकडे फिरविले. ते धरेना. पुन्हा फिरविले. देवाचे नाव घेऊन फिरविले. अकरा वेळा झाले, तरी एक आटा बसला नाही. वरून ढोल ऐकू येऊ लागला, म्हणजे बाकीची मंडळी पोहोचली होती. तंबूत कोणी तरी गुलाबी फेटा झटकीत असल्याचेही त्यांना दिसले.

मग पंतांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले, डोळे मिटले, आणि चोरी करावी तसे पेडल डावीकडे फिरविले. पहिला आटा बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला त्यांनी डोळे उघडले.

"कोंडाबाई," ते म्हणाले, "हे घट्ट होते आहे."

"होतंय ना. आता चढा, बारा वाजायला आले."

पंत चढले. खाली मनोऱ्यावर ठोके सुरू झाले तेव्हा ते देवळाच्या कमानीपासून साठ हातांवर होते, आणि अकराव्या ठोक्याला कमानीखाली होते. आपण निवृत्त झाल्यापासून घड्याळ चार मिनिटे मागे पडते, अशी लेखी तक्रार त्यांनी गावसभेत तीनदा केली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी घड्याळाचा विषय काढला नाही.

शर्यतीचे पंच म्हणजे गावचे वाणी. शेवटच्या स्वाराला काय विघ्न आले ते विचारून वहीत लिहिण्याची त्यांची रीत होती. मागील तीन पानांवर मांजर, शिंक आणि द्वारकाबाई यांची नोंद होती. लोक कान देऊन उभे राहिले. शिंपी दोन पावले मागे सरकला.

पंतांनी सरबताचा पेला खाली ठेवला. कोंडाबाई समोरच होत्या. त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, "लिहा. पेडल मी स्वतः सैल केले होते. चारही वर्षे. या बाईंनी सांगितले होते, मी ऐकले नाही."

वाण्यांनी ते लिहिले आणि मागची तीन पाने खोडली.

त्यानंतर पंतांनी डाव्या पेडलापाशी पांढऱ्या रंगाने डावीकडे वळणारा बाण रंगवून घेतला. मांजराला शनिवारी दूध मिळू लागले. आणि पुढच्या मार्गशीर्षात पंत उंबरठा ओलांडीत असता द्वारकाबाईंनी बत्तासा खाऊन टाकला व खणखणीत आवाजात विचारले, "कुठे निघालात?" पंतांनी थांबून उत्तर दिले, "शर्यतीला. वाटेत कोंडाबाईंना सायकल दाखवून जाईन."

तात्पर्य इतकेच: नशिबाला आणि शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपल्या हातातला पाना कोणत्या बाजूला फिरतो आहे ते पाहावे, आणि स्वतःला कळत नसेल, तर ज्याला कळते त्याला विचारावे.