महाराजांची कवळी

संस्थानाचं नाव मला खात्रीनं आठवत नाही, म्हणून सांगत नाही. तिथल्या महाराजांचे सगळे दात पडले. तारेनं नवा दात बांधायला शेजारी जुना उरलाच नव्हता, म्हणून मोरभट वैद्यांनी हस्तिदंती कवळी बसवली आणि बजावलं, "रोज रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी."

महिनाभरात महाराजांच्या हिरड्या सुजल्या, तोंडाला घाण येऊ लागली. भर दरबारात ते गरजले, "मोरभट, कसले हे दात! उद्याच हद्दपार व्हा!"

"सरकार, रात्री कवळी काढत होता ना?"

"आम्ही काय कोणी ऐरेगैरे? आमचे दात रोज उतरवून बुडवायचे?"

मोरभट हात जोडून म्हणाले, "देवघरातले देव आपण रोज सकाळी आसनावरून उतरवता, ताम्हनात घेऊन स्नान घालता, पुसता. त्यात देवांना कमीपणा येतो का?"

महाराज आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले.

"बरं, आणि नैवेद्य?"

"देवांना आधी स्नान, मग नैवेद्य. दातांना मात्र आधी नैवेद्य, मग स्नान!"

हद्दपारी तिथेच राहिली. त्या रात्री महाराजांच्या पलंगाशी चांदीचं ताम्हन आलं.