बडबड नावाचा फोल्डर

“म्हणजे यादीच चुकते आहे, असं तुझं म्हणणं?” मुजावर सरांनी विचारलं.

“यादी कशी चुकेल, सर? मीच कुठेतरी आडबाजूला ठेवलं असेल. सापडेल. दोन मिनिटं द्या.”

विश्वजित कोरेची ही तिसरी दोन मिनिटं होती.

सर पूर्वी मिरजेच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचे. विश्वजित त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आता तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता. प्रोग्रामच्या फायली आवृत्ती-आवृत्तीने जपून ठेवणारं गिट नावाचं साधन असतं, ते तो नव्या मुलांना शिकवायचा. मुलं त्याला दबकून असत. त्याला ते आवडायचं.

सरांचा फोन आला म्हणून तो आला होता. “नसीमाचा आवाज ऐकायचा होता रे. येऊन काढून देशील?” एवढंच ते बोलले होते. सरांच्या पत्नी नसीमाकाकूंना जाऊन दोन वर्षं होत आली होती.

हे काम म्हणजे आपल्या हातचा मळ, असं म्हणत विश्वजित गाडीत बसला होता.

अकरा वर्षांपूर्वी अंधशाळेतल्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारा प्रोग्राम या गुरुशिष्यांनी लिहायला घेतला होता. आवाज काकूंचा. त्यांनी जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं होतं. ‘ळ’ आणि ‘ण’ ऐकावेत ते त्यांच्याच तोंडून. विश्वजितचा लॅपटॉप पुढ्यात घेऊन, पंखा बंद करून, पदराने घाम टिपत त्यांनी चार हजार शब्द एकेक करून म्हटले. फोल्डरला नाव काय देऊ, असं त्याने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “बडबड. तुझे सर तेच म्हणतात ना त्याला?”

पुढे शाळेला आयता यांत्रिक आवाज मिळाला आणि काम तिथंच राहिलं. विश्वजितला नोकरी लागली. निघताना काकूंनी विचारलं होतं, “आणि माझे शब्द रे?”

“सगळं गिटमध्ये आहे काकू. कुठं जातंय?” तो हसून म्हणाला होता.

आता सरांच्या कॉम्प्युटरसमोर बसून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. शोधाशोध पुरे, सरळ साठ्याचीच यादी मागायची. त्याने आज्ञा टाइप केली… गिट एलएस-ट्री.

ही आज्ञा त्याला सरांनीच शिकवली होती. “एलएस सांगतं, टेबलावर, म्हणजे समोरच्या फोल्डरात, काय पडलंय. एलएस-ट्री सांगतं, कपाटात, म्हणजे गिटच्या साठ्यात, काय ठेवलंय. दोन्ही एकच समजलात की फसलात,” असं ते म्हणायचे. आणखीही एक सांगायचे. हे कपाट रिकामा फोल्डर ठेवून घेत नाही. ठेवायचाच असेल तर आत निदान एक चिठ्ठी तरी टाका. वर्गातली मुलं हसायची. सगळ्यात मोठ्याने विश्वजित.

यादी आली. पाचव्या ओळीवर नाव होतं… बडबड.

त्याचा जीव भांड्यात पडला.

“आहे, सर! हे बघा!”

सर उठले नाहीत. चहावरची साय त्यांनी चमच्याने बाजूला केली.

“आत काय आहे?”

विश्वजितने बडबडच्या आतली यादी मागितली.

एक फाइल. चार हजार नव्हे, एक.

“जुन्या आवृत्तीत असतील,” तो म्हणाला. त्याने जुनी यादी काढली. त्याहून जुनी काढली. अगदी पहिल्या दिवसाची काढली. प्रत्येक यादीत तीच एक फाइल.

शेवटी त्याने ती उघडली. दोनच ओळी होत्या, गिटला दिलेल्या सूचना. इथलं काहीही ठेवून घेऊ नकोस. फक्त ही चिठ्ठी ठेव.

लिहिणाऱ्याचं नाव, विश्वजित कोरे.

तेव्हा त्याला आठवलं. आवाजाच्या फायली जड होत्या, सरांच्या कॉम्प्युटरवर पाठवायला फार वेळ खायच्या. तात्पुरतं म्हणून त्याने ती चिठ्ठी टाकली होती. नंतर लॅपटॉप उघडला की चार हजार फायली रोज समोर दिसायच्या, मग शंका कसली येणार? टेबलाकडे बघून त्याने कपाटाची खात्री दिली होती.

“सर…”

सर पडद्याकडे बघतही नव्हते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला यादी वाचता येते, विश्वजित.”

“कधीपासून?”

“ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

सरांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

“वाटलं… जुना लॅपटॉप असेल तुझ्याकडे.”

“विकला, सर. नोकरी लागली त्याच महिन्यात. पुसून दिला. मागे काही राहू नये म्हणून… तीनदा पुसला.”

सरांनी मान हलवली. बराच वेळ ते ती हलवतच राहिले.

“रागवा तरी, सर.”

“कुणावर? तू सगळं आहे म्हणालास, आणि मी तुला यादी काढून दाखव म्हटलं नाही. शिकवणारा मी होतो.”

विश्वजितला भडभडून आलं. पुण्यातल्या त्या दबकून असणाऱ्या मुलांपैकी कुणी या क्षणी इथं नाही, याचंच त्याला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची लाजही वाटली. पडद्यावरच्या त्या दोन ओळी त्याला बघवेनात. काकूंच्या घरात, काकूंच्या फोल्डरात आपलं हे असं लिहिलेलं…

“ही चिठ्ठी तरी काढून टाकतो, सर. एवढं तरी करू द्या.”

त्याने बोटं पुढे केली. सर पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. त्यांनी आपला सुरकुतलेला तळवा सगळ्या कीबोर्डवर पसरून ठेवला.

“नको रे. आत तेवढी एक चिठ्ठी आहे, म्हणून रोज सकाळी यादीत बडबड येतं…”